शिसपेन्सिल

मडगावात, पिंपळकट्ट्यामागे, माझं दुकान
टायपरायटरचं.
पाटी अजून तीच आहे.
कोर्टाबाहेरचा शेवटचा अर्जलेखक ज्या साली वारला
त्याच साली जॉयविन बार्रेटो दारात उभा राहिला,
अंगात काळा बनियन, काखेत लांबट काळी पेटी.
'गुरदासबाब, हें गितार म्हाका फटयता.'

म्हणे दुसऱ्या गाण्यातच तार उतरते.
माकाझानचं फेस्त, मांडव कोंबून भरलेला,
ड्रमवाला सुटलेला, याचा उजवा हात करवतीसारखा,
आणि तिसरी तार
सुराखाली घरंगळते, गुपचूप,
उतारावर लावून ठेवलेल्या रिक्षासारखी.
खुंट्या दोनदा बदलून झाल्या होत्या. दुसऱ्यांदा जर्मन.
(सगळ्यांचा संशय आधी खुंट्यांवरच जातो,
घरातून काही हरवलं की कामवालीवर जातो तसा.)

मला गिटारमधलं काय कळतं?
पण अडकणं कळतं.
कागदावर जाऊन आपटलेली, परत न येणारी अक्षरं
चाळीस वर्षं मी या बोटांनी सोडवली.
म्हटलं, वाजव. इथंच.
फेस्तात वाजवतोस तसं, हात राखू नकोस.

कपाटातल्या रिबिनींचे डबे थरथरले.
तो तार आडवी ओढायचा, स्वर चढायचा, कळवळायचा,
सोडली की खाली यायची, आपल्या जागी.
जवळजवळ.
त्या जवळजवळमध्ये
एक बारीक टिक ऐकू आली.
खुंटीत नाही. मानेच्या टोकाला, हाडाच्या पट्टीत,
तार जिथं खाचेत बसते तिथं.
ओढली की पलीकडची तार सरकून अलीकडे यायची
आणि परतताना
खाच तिला धरून ठेवायची.

शाळेची शिसपेन्सिल घेतली. ब्लेडनं टोक काढलं.
तेल नको, तेल धूळ बोलावतं,
हे मला रेमिंग्टननं शिकवलंय.
खाचेत शिसं घासलं, काळं, कोरडं, गुळगुळीत.
मग मीच बोलत सुटलो, जसं काही जन्मभर हेच केलं:
खुंटीला तीन वेढे, चौथा नको, वेढ्यावर वेढा तर नकोच.
नवी तार चढवलीस की हातानं ओढ, पुन्हा सुरात आण, पुन्हा ओढ,
तिचा आळस घरीच जिरव, मांडवात नाही.
सूर गाठताना खालून चढत ये.
वर गेलास तर पार खाली उतर आणि परत चढ,
वरून उतरून थांबलेली तार
पहिल्याच फटक्याला आणखी उतरते.
आणि वाजवून झालं की पूस बाबा,
इथल्या हवेत मीठ आहे, घामात तर आहेच.

तो ऐकत होता. मग म्हणाला, पापा तारवटी आहे,
नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी.
'तोही येतो परत,' म्हणाला, 'जवळजवळ.'
तार आणि तारू, एका उकाराचा फरक.
मी हातातल्या पेन्सिलकडं बघत राहिलो.
तिथं काय घासायचं
मला माहीत नव्हतं.
पैसे किती, त्यानं विचारलं.
पेन्सिलचे पाच, म्हटलं, आणि ती ठेव.

फेस्ताला गेलो. खाज्याच्या दुकानापाशी, मागं उभा राहिलो,
लोक नाचत होते, मी गाणी मोजत होतो.
दुसरं. तिसरं. चौथं.
शेजारची बाई म्हणाली, काय हा आवाज, देवा सायबा!
मला आवाज ऐकूच येत नव्हता,
अख्ख्या मांडवात माझा कान एकाच तारेला लागलेला.
पाचव्यात फाटकन काहीतरी तुटलं. पहिली तार.
पोरं ओरडली. तिचं टोक हवेत दिव्याला चमकत राहिलं,
जॉयविन हसला, थांबला नाही,
पाच तारांवर तसाच कापत सुटला.
कानामागं पेन्सिल होती.

तुटणं वेगळं. त्याला माझा इलाज नाही,
कुणाचाच नसावा.
तिसरी मात्र जागेवर होती.