बसऱ्याला गेलेला माणूस

रिसाल्यात आता घोडा नाही,
पलटणीत शिपाई नाही.
नावं तेवढी हिंगोलीच्या नगरपालिकेत राहिली:
वॉर्ड, गल्ली, घर क्रमांक, पत्रा की स्लॅब.

मी घरपट्टीचा माणूस. टेप घेऊन फिरतो.
महेबूब नालबंदच्या दुकानापुढं दगडी हौद आहे,
नऊ हात लांब, काठ गुळगुळीत,
घोड्यांच्या माना टेकून टेकून.
त्यात तो ऑटोच्या ट्यूबा बुडवतो.
बुडबुडा आला की म्हणतो, "घावला."
आडनाव नालबंद, धंदा पंक्चरचा.

हौद अतिक्रमणात धरायचा का,
असं मी वर लिहून विचारलं.
वरून उत्तर नाही.

पंपहाऊसच्या भिंतीत एक पाटी आहे.
तिच्यावर भरती अकॅडमीचं पोस्टर,
धावणे, गोळाफेक, राहण्याची सोय.
माप घ्यायला ते नखानं खरवडलं
तर खाली संगमरवर, इंग्रजी अक्षरं:
सन चौदा ते एकोणीस. एकतीस गेले.
अकरा आले नाहीत.
नाव एकाचंही नाही.

आमच्या रिसाल्यात उशीर झाला की विचारतात,
"बसरे कू गया था क्या?"
आई म्हणायची, मीठ आणाया धाडलं
अन् बसऱ्याला गेलास का रं?
मला वाटायचं, असंल कयाधूपल्याड
एखादं खेडं,
जिथं गेलं की माणूस गप्पात रमतो.

अनसाबाई पाईकराव (वय सांगता येत नाही)
ओट्यावर ज्वारी पाखडत होती.
म्हणाली, माझ्या सासूची सासू, केवळाबाई,
दर महिन्याला तहसिलीत अंगठा द्यायची.
सात रुपयं. पैसे घ्यायची,
कुंकू मात्र पुसलं नाही.
कारकून म्हणायचा, बाई, हे पैसे मेल्याचे.
ती म्हणायची, कागद मेला असंल तुमचा.
माझा माणूस बसऱ्याला गेलाय.

सगळी आळी हसायची म्हणं.
हसता हसता ते बोलणंच पडलं.

मी पेन काढलं. त्यांचं नाव काय होतं?
सूप थांबलं.
"नाव? नवऱ्याचं नाव
कधी घेत होत्या का बाया?
तिनं घेतलं न्हाई. मग आम्हाला कुठून ठावं?"
आणि पुन्हा पाखडायला लागली,
कोंडा माझ्या रजिस्टरावर.

मालमत्ता: पाटी, एक. दोन फूट बाय दीड.
मालकाचा रकाना मी सोडून दिला.

दोन दिवसांनी पाटीवर नवं पोस्टर होतं.
पहाटे पाचला अकॅडमीची पोरं
पंपहाऊसला वळसा घालून पळतात,
छातीवर नंबर, नावं नाहीत.
मागं राहिलेला एक, बारका,
हौदाच्या काठाला हात टेकून धापा टाकत होता.
महेबूब शटर उघडता उघडता ओरडला,
"क्यों रे, बसरे कू गया था क्या?"

पोरगं हसलं,
तोंडावर पाणी मारून
पुन्हा पळालं.