तीनशे येन

सॅल्मन नदीत चढू लागले की
सरकारी लिफाफा येतो.
पातळ, खिडकीवाला, आत एकच चिठ्ठी:
लहरी वापरल्याबद्दल, वर्षाचे, तीनशे येन.

तीनशे येनात स्टेशनासमोरच्या यंत्रातून
गरम कॉफीचे दोन डबे पडतात,
वर थोडी चिल्लर.
म्हणजे आभाळाचं भाडं ते एवढं.
कुशिरोत याहून स्वस्त काही मिळत नाही,
धुकं सोडलं तर.

पण भाडं स्वस्त म्हणून बिऱ्हाड स्वस्त पडत नाही.
पंचाऐंशी साली मनोरा उभा केला
तेव्हा बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळायचो मी.
दोन बोनस त्या लोखंडात गेले.
मग ताणाच्या तारा.
मग ॲन्टेना फिरवायची मोटर,
ती पहिल्याच जानेवारीत गोठली
आणि सायबेरियाकडे तोंड करून बसली, ती थेट मार्चपर्यंत.
त्या हिवाळ्यात माझे सगळे मित्र रशियन.
मग शेजारच्या त्सुकुदांचा टीव्ही:
ऐन सुमोच्या निकाली कुस्तीत, रेफरीच्या तोंडून
माझाच आवाज आला, खाबारोव्स्कला हवा कशी आहे विचारणारा.
माफी मागायला खरबूज घेऊन गेलो.
खरबूज, तेही युबारीचं.
हिशेबात तेसुद्धा धरा.

हात्सुएला मी सांगितलं होतं,
नवा सेट चाळीस हजारांना पडला.
नवा कसला, जुनाच, कोणीतरी काढून टाकला म्हणून.
ती हं म्हणाली
आणि मुळा किसत राहिली.

ती गेल्यावर तिच्या घरखर्चाच्या वह्या उघडल्या.
अडतीस वह्या, वर्षाला एक,
बियाण्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरचं कव्हर घातलेल्या.
त्या महिन्याच्या पानावर बारीक पेन्सिलीनं:
रेडिओ, एक लाख ब्याण्णव हजार.
पावती मी कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळली होती.
तिला आकडा कुठून कळला
ते विचारायला आता कुठली फ्रिक्वेन्सी नाही.

रकाना करमणुकीचा असेल म्हणून पुन्हा पाहिलं.
औषधपाण्याचा होता.
वरच्या ओळीत माझ्या गुडघ्याचं मलम,
खालच्या ओळीत तिच्या डोळ्यांचे थेंब,
ते पुढच्या तीन महिन्यांत
कुठेच नाहीत.

यंदाच्या चिठ्ठीमागे बारीक अक्षरात छापलंय,
पुढच्या वर्षांचे पैसे आगाऊ भरता येतात.
परवाना पाच वर्षांचा.
मी सत्त्याऐंशीचा.
पंधराशे येन मोजून, घडी घालून
कोटाच्या आतल्या खिशात ठेवले
आणि पोस्टात गेलो.

काउंटरवर ओबुची नावाची मुलगी असते.
तिला विचारलं, पाचांचे भरले
आणि मधेच मी नसलो,
तर उरलेले परत मिळतात का?
ती आत विचारायला गेली.
बराच वेळ आलीच नाही.
डोक्यावरची ट्यूब घुरघुरत होती;
सात मेगाहर्ट्झवर आमच्या गल्लीचा निम्मा गोंगाट
हिचाच असणार, इतकी वर्षं मी उगाच
बेकरीच्या फ्रिजला दोष देत होतो.

ती परत आली, झुकली, म्हणाली,
आजोबा, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं.
वर पत्र पाठवते.
उत्तर यायला सहा आठवडे लागतील.
म्हटलं, सावकाश येऊ दे.

तोवर एकाच वर्षाचे भरले.
उगाच सरकारकडे येणं कशाला ठेवा,
वसूल करायला मागे कोणी नाही.

उरलेल्या बाराशेची
सोल्डरची रीळ घेतली, पॉइंट आठ जाडीची.
एवढी रीळ मला
सहज सात-आठ वर्षं जाते.