लोड

परवा दोन पोरं आली उद्यमनगरात, शेड शोधत.
एकाच्या पाठीवर गिटार, दुसऱ्याचा मोबाईल आधीच सुरू.
काका, त्र्याऐंशी साली गिरोलीच्या माळावर
तीन रात्री रॉकचा जलसा झाला,
त्यात तुम्ही होता म्हणे. सांगा की, कोण काय वाजवलं?

होतो.
पण जनरेटरपाशी होतो, बाळांनो.
स्टेजपासून दीडशे पावलं, बाभळीच्या आड,
उसाच्या ट्रॉलीवर मिणचेकर मालकांचं धूड
आणि त्याच्या धडधडीत मी,
दोन्ही कानांत कापूस.

गाणी मला कानानं ठाऊक न्हाईत.
लोडवर ठाऊक आहेत.

बेळगावची ग्लेनिस बास घ्यायची तेव्हा
इंजिन जरा खाली बसायचं,
म्हैस पाण्यात बसते तसं, सावकाश.
सॅम्युअल चोपड्यानं तार ओढून धरली
की काटा दोनशे तीसवरनं दोनशे दहावर,
आणि तो सोडेस्तोवर माझा हात गव्हर्नरवर.
कितीदा वाटलं, ती तार
आम्ही दोघं मिळून धरलीय.
फिरोज शिकलगारचा ड्रम दिसायचा मला,
डिझेलच्या टाकीत, बॅटरी मारून बघितलं की:
इंजिनाची वर्तुळं बारीक, एकसारखी,
त्यांना कापत जाणारी त्याची वेगळी.

बाकी काय बघितलं?
बंदोबस्ताला आणलेले तालमीतले चौघे,
पहिल्या रात्री हाताची घडी,
दुसऱ्या रात्री माना हलवणारे.
वाट चुकून आलेला एक धनगर,
मेंढरं बसवून तोही बसला,
पहाटे म्हणाला, ह्यांचा देव कुठला?
मी म्हटलं, विचारून सांगतो.
ऱ्हायलंच ते.

मग पोरगा म्हणाला, आणि तो शेवट, काका!
तिसऱ्या रात्री ऐन रंगात
चोपड्यांनी गाणं मधेच तोडलं, मुद्दाम,
आणि अख्ख्या माळाला शांतता ऐकवली.
अजून बोलतात लोक.
तसं करायला काळीज लागतं.

मी चहा सांगितला.

काळीज नव्हतं लागलं. वीस लिटर लागले होते.
दुसऱ्या रात्री एक ट्रॅक्टरवाला अडला होता,
राखीव कॅन मी त्याला दिला, साठ रुपयांना.
त्या पैशाचं काय केलं, आठवत नाही.
बहुतेक चप्पल घेतली.
तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला
इंजिनानं दोन आचके दिले
आणि स्टेजवरचे सगळे दिवे
एकदम माझ्याकडं बघायचे थांबले.

शिव्या येतील म्हणून कापूस काढला.
शिव्या नव्हत्या.
चार-पाच हजार माणसं, आणि कुणी खोकेना.
आणि लांबनं, अंधारातनं,
काहीतरी बारीक, तारेचं,
वाळत घातलेल्या भांड्यावर नख लागावं तसं.
वीज गेलेल्या गिटारीवर
सॅम्युअल अजून वाजवत होता.
थांबला नव्हता.
पुढच्या रांगेला ऐकू गेलं असंल का, देव जाणे.
वारा माझ्याकडं होता.

तीन रात्रींतलं तेवढंच गाणं ऐकलंय मी.
त्यानंतर लेथवर, वरातीत, मुलीच्या लग्नाच्या बँडात
शोधून बघितलं. नाही सापडलं.
सॅम्युअल पुढं मिरजेत होता म्हणतात,
मिशनच्या दवाखान्यात, हिशेबाला.
जायचं राहिलं. साठ रुपये घेऊन
कुठल्या तोंडानं जायचं?

यातलं पोरांना काय सांगितलं?
काटा सांगितला. म्हैस सांगितली.
कॅन नाही सांगितला.

चहा संपला, मोबाईल बंद झाला.
गिटारवाल्याला म्हटलं, वाजव की काहीतरी.
म्हणाला, इलेक्ट्रिक आहे काका, अँप न्हाई आणला,
ऐकू येणार नाही.

असू दे म्हटलं.
उठलो,
आणि कॉम्प्रेसर बंद केला.