तीस टक्के

जुना हॅलाइड उतरवला आज.
अडीचशे वॉटचा सूर्य, काच काळवंडलेली,
हातात घेतला तर अजून कोमट.

रोदेलनं दुकानातच बजावलं होतं :
पहिला पंधरवडा तीस टक्के. घाई नको.
प्रवाळालाही उजेड पचावा लागतो.

आता हॉलमध्ये सगळं निळं.
सोफा, भिंतीवरची दिनदर्शिका,
धाकटी दात विचकून आरशात बघते : निळे!
चिलर तासतासभर मुका;
शेजारच्या मिसरी जोडप्याचं भांडण
पहिल्यांदाच शब्दन् शब्द ऐकू येतं.

प्रवाळ मात्र मिटून बसलंय,
परक्या घरी जेवायला बसवलेल्या पोरासारखं.

हेमांगी ताट घेऊन उभी.
सात वर्षं त्या दिव्याच्या टपावर
तिनं सांडगी मिरची वाळवली,
बाहेर तोझ, ती तांबडी धूळ, सुटली की.
नव्या दिव्यावर तळहात टेकवते,
"हा तर गारच," म्हणते,
ताप उतरल्याचं सांगावं तशी,

आणि तरी उभीच राहते.
खिडकीबाहेर सालमिया.
धुळीआड पन्नास अंशांचं ऊन,
शंभर टक्के,
कुणाच्याच कामाचं नाही.