उधारीचे अकरा

चर्चच्या मागच्या भिंतीला पुन्हा चुना दिला
तेव्हाच कळलं, यंदा सिनेमा आहे.
घरोघरच्या खुर्च्या निघाल्या, कुणी उशी आणली,
कुणी सूर्यफुलाच्या बियांची पुडी.
अल्मेरियाच्या या बोडक्या डोंगरांनी
माझ्या पोरवयात टेक्सासचं सोंग घेतलं होतं,
तोच हा सिनेमा.
सत्तावन्न वर्षांनी गावात परत आला.

मी तेव्हा चौदाचा. घोडे धरायचो.
आणि मरायचो. एकदा मेक्सिकन म्हणून,
एकदा शेरीफचा माणूस म्हणून,
तिसऱ्यांदा कोण म्हणून ते मला कुणी सांगितलंच नाही.
धुळीत पालथं पडायचं आणि मुंगी चावली तरी हलायचं नाही,
एवढी कला मला येते.

गाव मात्र जमलं होतं टिब्जला बघायला.
(पुढे त्यानं नाव बदललं. जग ओळखतं ते नाव
तेव्हा हजेरीच्या वहीत नव्हतं.)
औषधाच्या दुकानवाला पोरांना सांगत होता,
आता येईल बघा, बँकेबाहेर, डावीकडे, घोडीपाशी.
आणि आलाच.
मोजून एकोणीस सेकंद.
वाक्य एकही नाही. दाढीसुद्धा धड फुटलेली नाही.
शिट्ट्या काय, टाळ्या काय!
मधोमध उभा राहून नायक न्यायाबद्दल काहीतरी म्हणत होता,
त्याच्याकडे कुणी बघेना.
त्या बिचाऱ्याला तेव्हा सावलीसाठी वेगळी छत्री होती,
छत्रीसाठी वेगळा माणूस.

टिब्जनं लगाम डाव्या हातात धरलाय,
मुठीवर एकच वेढा.
हे मी शिकवलं.
दोन वेढे घेतलेस आणि घोडी उधळली तर बोटं जातील, म्हटलं.
त्याला आमची भाषा कळेना,
मग बोटं तुटल्याचं करून दाखवलं.
शहरातून आलेला प्राध्यापक सुरुवातीला बोलला होता:
त्या ताठ खांद्यांत पुढचा सगळा करारीपणा दिसतो.
करारीपणा कसला.
घोडीला घाबरला होता तो.
ती चावायची.

आणि मग ती नजर.
बाराव्या सेकंदाला तो सरळ कॅमेऱ्यात बघतो.
प्राध्यापकाच्या मते धाडस.
दिग्दर्शक त्या दिवशी ओरडला होता, गाढवा!
पण फिल्म महाग, ऊन उतरायला आलेलं,
राहू दे म्हणाले.

कॅमेऱ्यामागचं पडद्यावर येत नाही.
कॅमेऱ्यामागे पाण्याचं मडकं कमरेवर घेऊन
व्हिसितासिओन उभी होती.
घोडी त्याच्या मानेवर शिंकली
आणि ही फिसकन हसली.
बस्स, एवढंच.

आज ती तिसऱ्या रांगेत, काठी गुडघ्यांत धरून.
तिच्या बापाच्या खानावळीच्या वहीत अजून एक ओळ आहे:
टिब्ज, दोन अंडी, पाव, वाईन, अकरा पेसेता.
बापानं ती कधी खोडली नाही.
पेसेता बंद पडला, वही नाही.

बाराव्या सेकंदाला मी भिंतीकडे नाही, तिच्याकडे बघितलं.
हसली नाही ती.
मान जराशी हलवली,
जुनं गिऱ्हाईक दारात दिसल्यावर हलवतात तशी:
आलास का.

तोवर तो घोडीकडे वळला होता.
मग बँक लुटली गेली, मी दुसऱ्यांदा मेलो,
पोरं किंचाळली, एउलोहिओ आजोबा पडले!
माझी नात रडायलाच लागली,
तिला हात लावून दाखवावा लागला.

खुर्च्या उचलताना व्हिसितासिओनला विचारलं,
लिहायचं का त्याला? पत्ता मिळेल.
कशाला, म्हणाली, व्याज मागायला?
चढावर थोडी दमली, थांबली.
काठीनं दगड उगाच बाजूला केला.
मडकं माझं नव्हतं रे, म्हणाली.
शेजारच्या एन्कार्नाचं होतं.
परत द्यायचं राहूनच गेलं.