दंत्य

अडावदच्या शाळेत, पहिलीच्या वर्गात,
जून ते दिवाळी हा दात पडायचा मोसम.
फळ्यावर मी त थ द ध न लिहिते
आणि नेमकी याच अक्षरांना
टेकायला जी भिंत लागते
ती निम्म्या तोंडांतून गायब.
'द' म्हणताना गुंजनची जीभ
उंबऱ्यापर्यंत येते,
बाहेर डोकावून परत जाते.

"मॅडम, मना दात पडना!"
लोकेश उभा. हात पुढे, मूठ रिकामी.
कोठे शे?
"गिळी लिधा. भाकरसंगे."
वर्ग हसतो. मग एकदम गप्प होतो.
पोटात दात उगवेल का,
हे विचारायचं धाडस कुणालाच होत नाही.

ज्याचा हातात येतो, त्याचा मी उलटा करून दाखवते.
बघा, याला मूळ नाही.
होतं. खालून येणाऱ्यानं ते
महिनोन्‌महिने विरघळवलं.
पोरं दाताकडं नाही,
माझ्याकडं संशयानं बघतात.
मागच्या बस्करावरून सायमा तडवी समजावते:
केळीचं पील नाही का येत,
खोड उभं असतानाच, बुडाशी?
तिचा बाप पिलं कापायला जातो,
तिला ठाऊक असणारच.

फेकायचा कुठं, हा पेच वेगळा.
मातीचं धाबं होतं तेव्हा
शेणाच्या गोळीत घालून भिरकावला
की उंदराची सोय व्हायची.
आता गल्लीभर स्लॅब.
गुंजनचा दात तीनदा टाकीला आपटून
अंगणात परत आला.
शेवटी भाऊ जिन्यानं वर गेला
आणि ठेवून आला, कुरिअरवाल्यासारखा.

नवे येतात ते तोंडाला मोठे,
जरासे पिवळट,
धारेला करवतीसारखे बारीक दाते,
थोरल्या भावाचा सदरा घालून
फोटोला उभं राहावं तसे.
आणि अगदी मागची दाढ तर
कुणाला न पाडता, कुणाला न सांगता
येऊन बसते.
तिच्यासाठी कुणी वर्गात ओरडत नाही.

सुमली बारेलाचा पडला
दसऱ्याच्या आदल्या दिवशी.
वहीच्या कागदात पुडी बांधून आणला.
त्यांचं पाल केळीच्या बागेत,
वर निळं मेणकापड.
उंदीर तिथं रोज येतात, म्हणाली,
पण दात न्यायला नाही.
"तुमी फेका ना, शाळावर."
मधल्या सुट्टीत फेकला.
पत्रा एकदा वाजला,
मग घरंगळल्यासारखं काहीतरी,
मग खिचडीच्या ताटल्यांचा आवाज.

दिवाळीनंतर पाल नव्हतं.
कुणी म्हणालं शिरपूरकडं गेले,
कुणी म्हणालं सेंधव्याला, परत.
तिचे वरचे दोन सरळ आले की तिरके,
मला कळायचं नाही.
हजेरीत तिच्या नावापुढं रोज 'गै' लिहिते.
ग. कंठ्य.
याला दात लागत नाहीत.

पुढचं नाव घेणार, तोच लोकेश,
तोंडात अख्खं बोट:
"मॅडम, आखो एक हालस ना!"