चष्मा घरी राहिला

"चष्मा घरी राहिला जी,"
म्हणाली पार्बता निनावे
आणि कागद माझ्याकडे सरकवला
उलटा.

गोळीबार चौकात, सायकलच्या दुकानावर आमची खोली.
जिना लोखंडी,
एप्रिलात कठड्याला हात लावता येत नाही.
वर येणारे तळवे फुंकत येतात.
कुणी म्हणतं डोळ्यात कचरा गेला,
कुणी म्हणतं पोराला विचारून सांगतो.
एकाने तर बोटांना पट्टीच बांधून आणली होती,
लिहावं लागू नये म्हणून.
सहा वर्षांत इतके विसरलेले चष्मे ऐकले
की इतवारीत एक दुकान निघालं असतं.
मी कुणालाच विचारत नाही, नंबर किती.

फॉर्मात एक रकाना आहे: अडथळे.
जागा दोन बोटांची.
तिच्यात काय काय बसवू?
चोवीस वर्षांचा मुलगा, त्याला दुपारी एकला भरवावं लागतं.
हातमाग गेला, मग यंत्रमाग गेला, मग नवरा,
याच क्रमाने.
अंगठ्याची शाई, जी ती पदराला नाही, भिंतीला पुसते.
आणि हिंगण्याचा तो वॉचमन,
"रजिस्टरात नाव लिहा" एवढंच म्हणाला होता बिचारा,
ती दोनदा गेटवरूनच परत फिरली,
ज्या बसने गेली त्याच बसने.
मी लिहिलं: अनेक.

अ अननसाचा, मी सुरू केलं.
"अननस कोनाच्या घरी हाय?"
पुस्तक बंद केलं.
म्हटलं, तुमचं नावच घेऊ.
पा आला. ब आला, पोट पुढे काढून. ता आला.
रफार काही येईना.
"म्हंजे र बसते ब च्या डोक्स्यावर
अन् म्हनाचा मात्र पयले?"
हो.
"काऊन?"
मी व्याकरण आठवत होते
तोवर तिनेच सांगून टाकलं,
"वर बसते त्याचं नाव पयले घ्या लागते.
हे तर मले आधीपासूनच येते जी."

इस्पितळाचं धुलाईघर. सकाळी सहा ते साडेबारा.
ही वेळ मागायला मी बोरघरे साहेबांकडे तीनदा गेले,
तीनदा चहा प्याले.
चौथ्यांदा ती सोबत आली. बोलली काहीच नाही,
ढिगातली एक चादर उचलली अन् घडी घातली.
कोष्ट्याच्या घरचा हात,
किनार किनारीवर अशी बसली
की साहेब घडीकडेच पाहत राहिले.

मग चिठ्ठ्या. वार्ड चार. प्रसूती. जळीत.
अक्षरं येत होती, पण
"हालतात," म्हणायची, "मुंग्यावानी."
मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.
चिडलेही थोडी. ते लिहून ठेवते इथे.
तपासणीत निघाला दोनचा नंबर,
दोन्ही डोळ्यांना.
ती हसली, हसतच राहिली,
"पाहा, मी खोटं नाई बोलली मॅडम,
थोडी लवकर बोलली."

काल, मंगळवारी, सव्वासहाला फोन.
"चष्मा घरी राहिला."
पार्बताबाई...
"आई शप्पत. सायब मानतच नाई."

स्कूटर काढली. तांडापेठ.
दारात तिचा मुलगा, नाकावर तिचा चष्मा,
रस्ता बघत बसलेला
जणू आजच कुणीतरी तो धुऊन वाळत घातलाय.
मागितला, देईना.
बिस्किट दाखवलं, घेतलं, तरी देईना.
शेवटी माझा गॉगल त्याला लावला
तेव्हा सुटला.
परतताना उन्हात डोळे बारीक करत,
सिग्नलवरची पाटीसुद्धा धड वाचता आली नाही मला.

शेवटचा रकाना: पाठपुरावा.
ही जागाही दोनच बोटांची.
लिहिलं,
चष्मा पोचवला.